आइशब्रुकचा दबका टोल

कॅथलिक आणि लूथरवाल्यांचं हे युद्ध कशामुळे पेटलं असं विचारलं, की हल्ली शिकलेली माणसं प्रागच्या खिडकीचं नाव घेतात. राजवाड्याच्या खिडकीतून तीन माणसं खाली फेकली, ती मेलीसुद्धा नाहीत, आणि त्यावरून अर्धं जग कामाला लागलं. सांगायला सोपं पडतं, म्हणून सांगत असावेत. मी सदतीस वर्षं आइशब्रुकच्या नगरसभेत लेखनिक होतो. माणसं त्या खिडकीपर्यंत पोचायला किती वर्षं लागली आणि ती वर्षं कशी गेली, हे मला आमच्या गावापुरतं ठाऊक आहे. तेवढं सांगायचं तर गालूस रेम्बोल्टबद्दल सांगावं लागेल. तो आमचा घंटावाला होता.

गालूस ठेंगणा, आखूड मानेचा, हातानं मात्र दांडगा. घंटेखाली उभं राहून राहून त्याचा उजवा कान जवळजवळ गेला होता. तुमच्याशी बोलताना त्यानं डावा कान पुढे केला तर तुम्ही त्याला आवडता, आणि उजवा केला तर तुमचं बोलणं संपलं असं समजायचं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात दोन कॅलेंडरं बिनचूक सांभाळणारा तो एकटाच होता. दाराच्या मागे त्यानं दोन काठ्या टांगल्या होत्या, आणि रोज सकाळी दोन्हींवर एकेक खाच पाडायचा.

दोन कॅलेंडरांचं प्रकरण पोपनं सुरू केलं. जुनं कॅलेंडर सूर्याच्या मागे पडलंय म्हणून त्यानं दहा दिवस गाळून टाकले. दिवस गाळण्यात चूक काहीच नव्हती, हिशेब बरोबरच होता. पण सांगणारा पोप होता. म्हणून गावातल्या कॅथलिकांनी ते लगेच मानलं आणि पोपला न जुमानणाऱ्या लूथरवाल्यांनी मानलं नाही. गंमत अशी झाली, की जुन्या पंथाचे लोक नव्या कॅलेंडरनं जगू लागले आणि नव्या पंथाचे लोक जुनं कॅलेंडर उराशी धरून बसले. मी स्वतः लूथरवाला, गालूसही लूथरवाला. आमचा नाताळ शेजाऱ्यांच्या नाताळानंतर दहा दिवसांनी यायचा. ईस्टरचं तर काही विचारू नका, एखाद्या वर्षी पाच-पाच आठवड्यांचं अंतर पडायचं.

चर्च मात्र एकच होतं. सकाळी आधी कॅथलिक, ते उठले की आम्ही. ती मंडळी पुढच्या भागात, आम्ही मधल्या दालनात. मनोरा एक, घंटा एक, आणि ती वाजवणारा एक गालूस.

पहिल्याच वर्षी पेच पडला. कॅथलिकांच्या गुड फ्रायडेला त्यांच्याकडे घंटा वाजत नाही. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत सगळ्या घंटा उडून रोमला जातात असं ते पोरांना सांगतात, आणि घंटेऐवजी लाकडी खटखटे फिरवत गल्ल्यांतून हिंडतात. पण आमच्या कॅलेंडरप्रमाणे तो नुसता बाजाराचा शुक्रवार होता, आणि बाजार घंटेशिवाय उघडत नाही. घंटा वाजली तर त्यांचा अपमान, नाही वाजली तर आमचा. नगरसभेत दोन दिवस काथ्याकूट चालला. तिकडे गालूस उठला, कातडी कमावणाऱ्यांच्या वाड्यात गेला आणि मेंढीच्या कातड्याचा एक तुकडा मागू लागला.

तुकडा देणारी मुलगी वाल्बुर्गा. कातडं कशाला हवं हे तिनं विचारून घेतलं, मग स्वतःच ते कापलं, शिवलं आणि घंटेच्या लोलकाला घालायची एक टोपी करून दिली. ती टोपी घातल्यावर घंटेतून जो आवाज आला त्याला गावानं 'दबका टोल' असं नाव दिलं. मनोऱ्याजवळ उभं राहिलं तर छातीत थोडं हलायचं, बाजारात ऐकू यायचं म्हटलं तर ऐकू यायचं. कॅथलिक म्हणाले, वाजली नाही. आम्ही म्हणालो, वाजली. दोघंही आपापल्या घरी गेले. पुढे बावीस वर्षं हे असंच चाललं. इकडे कुणाचा शोकाचा दिवस आणि तिकडे कुणाचा कामाचा असा योग आला, की गालूस वर जाऊन टोपी चढवायचा. कुणी त्याला तसा हुकूम दिला नव्हता आणि कुणी तो कुठे लिहूनही ठेवला नव्हता.

गालूसनं वाल्बुर्गाशी लग्न केलं तेव्हा थोडी कुजबुज झाली, कारण ती कॅथलिक. पण तेव्हाचे फादर म्हातारे होते, त्यांना अशा बाबतीत कमी दिसायचं. लग्नाचा दिवस आमच्याकडे सणाचा होता आणि तिच्याकडे उपासकाळ सुरू झाला होता. त्यामुळे लग्नाची घंटा दबकी वाजली. वाल्बुर्गा चर्चच्या पायरीवर थांबली, वर मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "माझीच टोपी माझ्याच डोक्यावर घातली की." सगळे हसले, तीही हसली.

त्यांना दोन मुली झाल्या. थोरली तीन वर्षांची होऊन गेली, धाकटी सहा महिन्यांची. दोन्ही वेळा कुणाचा ना कुणाचा शोकाचा दिवस निघाला. गालूसनं दोन्ही काठ्या पुन्हा पुन्हा मोजून पाहिल्या, मग वर जाऊन टोपी चढवली. त्यानंतर वाल्बुर्गा त्या टोपीबद्दल गमतीनं बोलली नाही. ती बोलायची सगळ्यांशी, तिची जीभ तिखट होती आणि बाजारात तिच्या वाटेला कुणी जात नसे. पण टोल दबका असला की ती घराची खिडकी लावून घ्यायची.

ती चाळिशी ओलांडल्यावर तिच्या छातीत पाणी होऊ लागलं. एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. ती चुलीपाशी कणकेचे गोळे उकडत होती, मध्येच थांबून श्वास घेत होती. हातातला झारा न ठेवताच ती नवऱ्याला म्हणाली, "गालूस, माझं लग्न कातड्यात झालं. पोरी कातड्यात गेल्या. मी गेले की ते काढून ठेव आणि घंटा घंटेसारखी वाजव. एकदाच."

"बरं," गालूस म्हणाला.

"तुझं 'बरं' मला माहीत आहे. या लेखनिकासमोर कबूल कर."

"कबूल, बुर्गल," तो तिच्या लाडक्या नावानं म्हणाला.

मग तिनं आम्हा दोघांना वाढलं. त्या गोळ्यांत मीठ जास्त झालं होतं, पण ते सांगायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

याच सुमारास गावात दोन नवी माणसं आली. म्हातारे फादर वारले आणि त्यांच्या जागी दिलिंगेनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकलेले फादर किलियान आले. आमच्या म्हाताऱ्या पास्टरांच्या जागी ट्यूबिंगेनच्या आमच्या विद्यापीठातून पास्टर झाइट्स आले. दोघंही तिशीच्या आतले, दोघंही निर्व्यसनी, अभ्यासू, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे. वाईट माणसं असती तर गावानं त्यांना सांभाळून घेतलं असतं. पण दोघंही चांगली निघाली, आणि चांगल्या माणसाला कानाडोळा करता येत नाही. त्यांच्या आधीच्या पिढीनं मारामाऱ्या पाहिल्या होत्या, म्हणून ती थकून गप्प बसायला शिकली होती. या दोघांनी पुस्तकं पाहिली होती.

तरीही गाडं चाललं असतं. ते अडकलं माझ्यामुळे. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

आमच्या गावाला दोन नगराध्यक्ष असायचे, प्रत्येक पंथाचा एक. त्या वर्षीचे दोघंही म्हातारे आणि एकमेकांचे व्याही. त्यांच्या मनात आलं की गालूसचा कान गेला, उद्या तो थकेल, नवा माणूस येईल, तर टोलाची ही पद्धत कागदावर आणून ठेवावी. हेतू इतका चांगला की मला आजही त्यांचा राग येत नाही. मला बोलावलं. मी कलम उचललं, कागद सरळ केला आणि विचारलं, "त्या दिवशी घंटा वाजते असं लिहू, की वाजत नाही असं लिहू?"

दोघांनी एकदमच उत्तर दिलं. एक म्हणाला वाजते, दुसरा म्हणाला वाजत नाही. मग दोघं हसले, आणि मला वाटतं ते त्या खोलीतलं शेवटचं हसणं.

गालूसला बोलावून विचारायचं ठरलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. डावा कान पुढे होता, म्हणजे त्याला आमची काळजी वाटत होती.

"लिहू नका," तो म्हणाला. "आत्ता मला विचारलं तर मी दोन उत्तरं देऊ शकतो. तुम्ही लिहिलंत की मला एकच द्यावं लागेल."

मी त्याला समजावलं की अरे, लिहून ठेवलं की भांडण मिटतं. लेखनिक दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षं गावानं जी गोष्ट विचारली नाही, ती मी शाईनं विचारली होती, आणि शाई वाळली की उत्तर द्यावंच लागतं अशी आमच्या देशातल्या लोकांची ठाम समजूत आहे. आमच्याइतका कायदा मानणारा दुसरा मुलूख नसेल. आम्ही एकमेकांची डोकी फोडतानाही आधी कलम दाखवतो.

आठवड्याभरात प्रश्न चर्चमध्ये पोचला. फादर किलियाननी प्रवचनात सांगितलं की कातड्यातून वाजवलेली घंटासुद्धा घंटाच, बावीस वर्षं आपला अपमान झाला आणि आपल्याला कळलंही नाही. पास्टर झाइट्सनी सांगितलं की तोंड बांधलेली घंटा म्हणजे तोंड बांधलेलं सत्य, बावीस वर्षं आपण दबून राहिलो. लोक ऐकत राहिले. ज्यांनी बावीस वर्षं दोन्ही कानांनी तो टोल ऐकला होता त्यांनाही आठवू लागलं, की खरंच, तेव्हा आपल्याला राग आला होता. माझ्या शेजारचा पिंपं बनवणारा तर त्या रागानं बावीस वर्षं झोपला नव्हता असं सांगू लागला. भिंतीपलीकडून त्याचं घोरणं मी रोज ऐकत होतो.

प्रकरण श्पायरच्या बादशाही न्यायालयात गेलं. तिथे आमच्यासारख्या गावांच्या कागदांचे ढीग आधीच छताला लागले होते. कुठे मिरवणुकीचा झेंडा गुंडाळलेला की उलगडलेला, कुठे मठाची कुरणं कुणाची. न्यायालयातही दोन पंथांचे न्यायाधीश, त्यांचं आपसांत पटेना, त्यामुळे कशाचाच निकाल लागेना. आम्हाला उत्तर आलं की निर्णय होईपर्यंत सर्व काही पूर्वीप्रमाणे चालू ठेवावं. आता पूर्वी काय चालू होतं, हाच तर वाद होता.

न्यायालयाकडून काही होत नाही म्हटल्यावर माणसं दांडग्याकडे जातात. कॅथलिकांनी म्युनिकच्या कॅथलिक ड्यूकला पत्र लिहिलं, आमच्यातल्यांनी स्टुटगार्टच्या लूथरवाल्या दरबाराला लिहिलं. दोन्ही पत्रं मीच नकलून काढली, अक्षर माझं चांगलं म्हणून. दोन्हीकडून धीराची उत्तरं आली. आइशब्रुकच्या घंटेशी त्या थोरांना काही देणंघेणं नव्हतं, पण समोरच्यानं हात घातलाय म्हटल्यावर आपला हात बाहेर कसा ठेवायचा? शस्त्रागारातल्या बंदुका दोन्ही नगराध्यक्षांनी निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. आता ते व्याह्यांसारखे एकमेकांकडे जेवायला जात नव्हते. गालूस पूर्वीसारखाच टोपी चढवत होता आणि काढत होता. फक्त मनोऱ्याच्या पायथ्याशी आता दोन माणसं बसवली होती, प्रत्येक पंथाचा एक. घंटा वाजते की नाही हे ऐकून लिहून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम.

त्या वर्षी दोन ईस्टरांत पाच आठवड्यांचं अंतर होतं. वाल्बुर्गानं अंथरूण धरलं होतं. कॅथलिकांच्या पवित्र आठवड्यात तिचे पाय सुजले, गुरुवारी बोलणं थांबलं. मी गुरुवारी जाऊन आलो. गालूस दाराआड उभा राहून काठ्या मोजत होता, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा मोजत होता. उद्याचा दिवस टळावा म्हणून त्याची धडपड चालली होती हे मला कळलं. आमच्याकडे माणूस गेल्या गेल्या घंटा वाजते, त्याला थांबता येत नाही. उद्या तिच्या माणसांचा गुड फ्रायडे होता आणि आमचा बाजार होता.

ती शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास गेली.

मी तेव्हा बाजारात होतो. बाजारघंटा सकाळीच दबकी वाजून गेली होती. वरच्या गल्लीतून कॅथलिकांची रांग खटखटे फिरवत चर्चकडे चालली होती. आणि घंटा वाजली, उघडी. बावीस वर्षांत या दिवशी ती उघडी कधी वाजली नव्हती. तो आवाज माझ्या पायांतून गेला. मी मोजायला लागलो, कारण गेलेल्या माणसाच्या वयाइतके टोल देतात आणि वाल्बुर्गा शेहेचाळीसची होती. मला खात्री आहे, त्या बाजारात मोजणारा मी एकटाच होतो.

बाकीच्यांना दुसरंच ऐकू आलं. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. गालूस रेम्बोल्ट आमचा निघाला, शेवटी त्यानं दाखवून दिलं, असं जो तो म्हणू लागला. मांसाच्या दुकानापाशी एक जण रांगेकडे बघून ओरडला, "का हो, तुमच्या घंटा रोमला गेल्या होत्या ना? एक वाट चुकून परत आलेली दिसते." रांगेतल्या एकानं हातातला खटखटा त्याच्या तोंडावर मारला. मग सुऱ्या निघाल्या, बाजाराजवळच्या पुलावर बंदुका आल्या. वर गालूस मोजून शेहेचाळीस टोल देत होता आणि उजवा कान गेलेल्या माणसाला घंटेखाली खालचं काही ऐकू येत नव्हतं. तो खाली आला तेव्हा पुलावर तीन माणसं मरून पडली होती. त्यात माझा शेजारी पिंपवाला होता.

वाल्बुर्गा घरात एकटी होती. आत जाऊन बघावं असं कुणाला वाटलं नाही, कारण आज कुणीतरी मेलं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

फादर किलियान रडले, हे मी पाहिलं. पण ज्या घरातून प्रभूच्या मरणाच्या दिवशी ही थट्टा झाली, त्या घरातलं प्रेत पवित्र जमिनीत घेता येणार नाही असं त्यांनी सांगितलं. पास्टर झाइट्स गालूसचा हात हातात घेऊन म्हणाले, "रेम्बोल्ट, आज तुम्ही आम्हा सगळ्यांना धीर दिलात." गालूसनं उजवा कान त्यांच्याकडे केला. वाल्बुर्गाला मूठमाती देण्याबद्दल पास्टरांना विचारलं तर ते अवघडले, कारण ती त्यांच्या पंथाची नव्हती. शेवटी तिच्या भावानं, गालूसनं आणि मी मिळून तिला कातड्यांच्या वाड्यामागे पुरलं.

उन्हाळ्यात चौकशीला दोन अधिकारी आले, अर्थातच दोन पंथांचे. गालूसला उभं केलं. मी लिहीत होतो. घंटा कुणाच्या सांगण्यावरून वाजवली, असा पहिला प्रश्न. बायकोच्या, तो म्हणाला. ती कुठल्या पंथाची? कॅथलिक. कॅथलिक बाई आपल्याच गुड फ्रायडेचा अपमान करायला का सांगेल? तो म्हणाला की तिनं अपमान करायला सांगितलं नव्हतं, ती मेली होती. दोघा अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साक्षीदार कुणाला तरी पाठीशी घालतो आहे, यावर त्यांचं एकमत झालं. दोन पंथांचं एकमत झालेलं मी त्या वर्षात पाहिलं ते तेवढंच. बायकोचा मजकूर विषयाला धरून नाही, गाळा, असं मला सांगण्यात आलं. मी गाळला.

गालूसला कामावरून काढलं. पुढल्या वर्षी म्युनिकच्या ड्यूकचं सैन्य शांतता राखायला आलं आणि राहिलं. त्याच्या धाकानं लूथरवाल्या राजांनी एक संघ काढला, त्या संघाच्या धाकानं कॅथलिकांनी दुसरा काढला. दोन्ही संघांच्या कागदांत कारणं म्हणून गावांच्या याद्या होत्या आणि त्यात आइशब्रुकही होतं. प्रागची खिडकी त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी उघडली.

गालूस मेव्हण्याकडे कातडी धुवायचं काम करत राहिला. एकदा तो नगरसभेच्या कचेरीत आला. तेव्हा त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. त्या चौकशीची नकल अजून आहे का, असं त्यानं विचारलं. मी कपाटातून गठ्ठा काढला. तीनशे बारा पानं होती.

"तिचं नाव यात कुठे आहे ते दाखव," तो मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "मला वाचायचं नाही. नुसतं बोट ठेव."

मी पानं उलटली. ती मीच लिहिली होती, त्यामुळे शोधायची गरज नव्हती. मधलं एक पान उघडलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. त्यानं वाकून बराच वेळ पाहिलं, ओल्या कातड्यांनी चिरलेलं आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि अक्षरांवरून फिरवलं.

"लहान दिसतंय," तो म्हणाला.

"नावं तेवढीच असतात," मी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं.

तो समाधानानं गेला. मी बोट उचललं तेव्हा खाली 'घंटा' असं लिहिलेलं होतं.